चाळीस अंश, पंधरा अंश

गेले तीन वीकांत एकाच विषयात गेले. खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे हिप रिप्लेसमेंट. माझा आणि शरीरशास्त्राचा संबंध खरं तर अकरावीत बायोलॉजी सोडली तिथेच संपला होता. पण सांगलीच्या मावशीचा उजवा खुबा बदलायचं ठरलं, आणि घरात एक इंजिनियर भाचा असला की मशीनबद्दलचा कुठलाही प्रश्न त्याच्याकडेच येतो. मग ते मशीन मिक्सर असो की ऑपरेशन थिएटरमधला रोबोट. मावशीचा प्रश्न अगदी साधा होता. "अरे, एका ठिकाणी रोबोटने करतात म्हणे. पैसे जास्त पडतात. घ्यायचा का?" फ्रिजला स्टॅबिलायझर घ्यायचा का, असं विचारावं तसं!

त्या प्रश्नाच्या मागे लागलो आणि दोन आकड्यांपाशी येऊन थांबलो. चाळीस अंश आणि पंधरा अंश. ह्या दोन आकड्यांत आमच्या धंद्यातली निम्मी दुखणी सापडली, म्हणून हा लेख. डॉक्टर मंडळींना ह्यात नवीन काही नाही, त्यांनी पुढचा लेख वाचावा :-)

आधी थोडी पार्श्वभूमी. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'उखळीचा सांधा' होता आठवतंय? तोच हा. कमरेच्या हाडात, म्हणजे पेल्व्हिसमध्ये, एक खोलगट वाटी आणि त्या वाटीत फिरणारा मांडीच्या हाडाचा गोल डोका. मधे गुळगुळीत कूर्चा. ही कूर्चा झिजली, किंवा रक्तपुरवठा तुटून तो गोळाच मेला (ह्याला एव्हीएन म्हणतात, आपल्याकडे तरुण माणसांत खुबा बदलायचं हे एक मोठं कारण), की हाडावर हाड घासायला लागतं. एका पायावर उभं राहिलं की ह्या सांध्यावर वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. म्हणजे साठ किलोच्या माणसाच्या खुब्यावर दीडशे ते एकशे ऐंशी किलो. कारण शरीराचं वजन एका बाजूला आणि ते तोलून धरणारे कुल्ह्याचे स्नायू दुसऱ्या बाजूला, आणि त्या स्नायूंकडचा दांडा आखूड. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधला तरफेचा प्रश्नच.

आजच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला इंग्लंडमधल्या सर जॉन चार्न्ली ह्यांनी, लँकेशायरमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात. ह्या माणसाची गोष्ट कुठल्याही इंजिनियरने वाचावी अशी आहे. लहानसा धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकची जाड वाटी, म्हणजे घर्षण कमी, ही त्यांची कल्पना. गोळ्याचा व्यास २२.२२५ मिलिमीटर (हा विचित्र आकडा म्हणजे ७/८ इंच). वाटी पहिल्यांदा टेफ्लॉनची केली. सुमारे तीनशे पेशंटांना बसवली, सगळे खूश, दुखणं गायब. आणि काही वर्षांत वाट्या झिजायला लागल्या. झिजलेल्या टेफ्लॉनच्या कणांमुळे आजूबाजूचा भाग खराब होतो का, हे बघायला चार्न्लींनी ते स्वतःच्या मांडीत टोचून घेतलं! प्रॉडक्शनवर टेस्टिंग करणारे आम्ही पुष्कळ पाहिलेत, पण हे भलतंच.

मग १९६२ च्या मे महिन्यात एक विक्रेता गिरण्यांच्या मागांच्या गिअरसाठी वापरतात तसलं एक प्लॅस्टिक घेऊन आला. पॉलिथिलीनचाच एक जास्त दणकट प्रकार. चार्न्लींनी त्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं आणि नको म्हणून सांगितलं. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन ह्याने मात्र साहेब परदेशी असताना तो तुकडा झिजेच्या यंत्रावर लावून ठेवला. साहेब परत आले तेव्हा झीज जवळजवळ नाहीच. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्याची पहिली वाटी पेशंटला बसवली. पुढे ह्याच शस्त्रक्रियेला 'लॅन्सेट'ने २००७ मध्ये 'शतकातली शस्त्रक्रिया' म्हटलं. क्रेव्हनसारखा माणूस टीममध्ये असावा, एवढंच म्हणतो.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते बघू, कारण कोनाची भानगड तिथेच आहे.

पहिला प्रश्न, आत शिरायचं कुठून? मागून, बाजूने की पुढून. मागून गेलं की दिसतं छान, पण मांडी बाहेर वळवणारे छोटे स्नायू कापावे लागतात आणि शेवटी ते व सांध्याचं वेष्टण पुन्हा शिवून घ्यावं लागतं. ही शिलाई नीट झाली तर गोळा मागे निखळण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. पुढून गेलं तर दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून जाता येतं, पहिल्या काही आठवड्यांत पेशंट लवकर हिंडाफिरायला लागतो, पण मांडीच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येऊ शकतो आणि मांडीच्या हाडात स्टेम घालणं अवघड जातं. काही महिन्यांनी चालण्यात फारसा फरक राहत नाही. जालावर ह्यावरून भांडणं चालतात ती साधारण आपल्या एडिटरवरून होणाऱ्या भांडणांसारखी. ज्याचा हात ज्यात बसलाय ते त्याने वापरावं, हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं मत.

मग मांडीच्या हाडाचा खराब डोका कापून काढायचा. पेल्व्हिसमधली वाटी रीमरने कोरायची. रीमर म्हणजे अर्धगोलाकार खवणी, नारळ खवायच्या यंत्राला असते ना, थेट तशीच. एकेक माप वाढवत जायचं. सिमेंट न वापरता बसवायची असेल तर बसवायच्या वाटीपेक्षा एखादा मिलिमीटर लहान कोरायचं आणि वाटी हातोड्याने ठोकून घट्ट बसवायची. पुढे महिन्या-दोन महिन्यांत हाड तिच्या खरबरीत पाठीवर वाढतं. मांडीच्या हाडाच्या पोकळीत स्टेम ठोकायचा, त्यावर गोळा, गोळा वाटीत. आधी तात्पुरते भाग घालून सगळ्या दिशांना पाय फिरवून बघायचा, मग खरे. लांबीही तेव्हाच ठरते. सांधा सैल वाटतो म्हणून लांब मानेचा गोळा घातला तर सांधा घट्ट होतो पण पाय लांब होतो, आणि पेशंट पुढे वर्षभर "एका बुटाला पट्टी लावून घ्यावी लागली" म्हणत राहतो. त्यापेक्षा स्टेमचा ऑफसेट, म्हणजे मांडीचं हाड सांध्याच्या मध्यापासून किती बाहेर आहे ते अंतर, वाढवलं तर स्नायू ताणले जातात आणि लांबी तीच राहते. दोन परिणाम, दोन वेगळी बटणं. एकाच बटणाने दोन्ही साधायला गेलं की बिघडतं.

आणि ह्या सगळ्यात ती वाटी ठोकायचा क्षण. हातोड्याचे चार-सहा घाव, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं ती त्याच कोनात राहणार.

कोन दोन. एक, वाटीचं तोंड खाली आणि बाहेर किती कललंय. दोन, ते पुढे किती वळलंय. वाटी जास्त उभी बसली तर वरून आधार कमी पडतो, सगळा भार कडेवर येतो आणि झीज वाढते. जास्त आडवी बसली तर पाय वर किंवा बाजूला घेताना स्टेमची मान वाटीच्या काठावर आपटते. पुढे कमी वळली तर खाली वाकताना मान पुढच्या काठावर टेकते आणि पहारीने दगड उचकटावा तसा गोळा मागच्या बाजूने बाहेर पडतो. जास्त वळली तर पाय मागे नेताना पुढून बाहेर पडतो. गोळा निखळणं म्हणजे काय, हे ज्यांनी घरात पाहिलंय त्यांना सांगायला नको. माणूस संडासात किंवा गाडीच्या सीटवर अडकतो, पाय हलवता येत नाही, अँब्युलन्स, भूल, गोळा परत आत. आणि त्यानंतर प्रत्येक वाकण्याची भीती.

१९७८ मध्ये लेविनेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटासा पेपर लिहिला. तीनशे सांधे, त्यातले नऊ निखळले. त्यांनी एक्सरेवर कोन मोजले आणि एक 'सुरक्षित क्षेत्र' सांगितलं. कल ४० अंश, दहा इकडे किंवा तिकडे. पुढचं वळण १५ अंश, दहा इकडे किंवा तिकडे. क्षेत्राच्या आत निखळण्याचं प्रमाण १.५ टक्के, बाहेर ६.१ टक्के. झालं! जगभरच्या सर्जनांना एक स्पेसिफिकेशन मिळालं. त्यानंतर कित्येक दशकं ह्याच दोन आकड्यांवर शिकवलं गेलं, आणि पुढे मशीनंही ह्याच आकड्यांवर तयार झाली.

आता सांगा, माणसाच्या हाताला हे स्पेसिफिकेशन कितपत साधतं? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या १८२३ सांध्यांचा विदा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. लक्ष्य जवळपास तेच, कल ३० ते ४५ आणि वळण ५ ते २५. कल बरोबर आलेल्या वाट्या ६३ टक्के, वळण बरोबर आलेल्या ७९ टक्के, दोन्ही बरोबर असलेल्या फक्त ५० टक्के. नावाजलेल्या रुग्णालयात नाणं उडवल्यासारखा निकाल. जे सर्जन ह्या शस्त्रक्रिया कमी करतात त्यांचं, आणि लठ्ठ पेशंटांचं प्रमाण आणखी वाईट.

ह्यात हात वाईट असतो असं नाही. पेशंट कुशीवर झोपलेला, वरून हिरवी कापडं, दिसतं फक्त वीतभर भोक. सर्जनच्या हातातल्या दांड्याला कोन दाखवणारी खूण असते, पण ती कोन दाखवते टेबलाच्या आणि जमिनीच्या हिशोबाने. पेल्व्हिस टेबलावर सरळ आहे हे गृहीत धरलेलं. आणि सहाय्यक पाय ओढतो, मांस बाजूला धरतो, तेव्हा ते पेल्व्हिस हळूच पुढे लोळतं. मोजायची पट्टी बरोबर, पण शून्य सरकलेलं!

अशा ठिकाणी रोबोट येणार हे उघडच आहे. आणि तो आपल्याला वाटतं त्यापेक्षा बराच आधी आला. आयबीएमचं संशोधन केंद्र आणि कॅलिफोर्नियाचं डेव्हिस विद्यापीठ ह्यांनी मिळून 'रोबोडॉक' बनवला. त्यामागच्या दोन डॉक्टरांपैकी एक चक्क जनावरांचे डॉक्टर होते, त्यामुळे पहिले पेशंट होते कुत्रे. १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये सॅक्रामेंटोत तो पहिल्यांदा माणसावर चालला. त्याचं काम होतं मांडीच्या हाडाची पोकळी कोरणं. आजचे रोबोट आधी सीटी स्कॅन घेतात, पेल्व्हिसवर खुणा लावतात, त्या खुणांमुळे पेल्व्हिस लोळलं तरी त्यांना कळतं, आणि सर्जनचा हात ठरलेल्या कोनात धरून ठेवतात. ठरवलेल्या कोनाच्या जवळ वाटी बसवण्यात ते हातापेक्षा सरस आहेत, ह्याला चांगला आधार आहे. म्हणजे मावशीच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं दिसत होतं.

पण दोन गोष्टी पुढे आल्या.

पहिली गंमत म्हणजे 'कोन' ह्या शब्दाची. डी. डब्ल्यू. मरे ह्यांनी १९९३ मध्ये दाखवून दिलं की हाच कल आणि हेच वळण मोजायच्या तीन पद्धती प्रचारात आहेत. एक्सरेवरची, ऑपरेशन करतानाची आणि शरीररचनेच्या हिशोबाची. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. एक्सरेच्या पद्धतीने ४० आणि १५ असलेली वाटी घ्या. तीच वाटी, जागची न हलवता, ऑपरेशनच्या पद्धतीने मोजली तर साधारण ३८ आणि १९ येते. शरीररचनेच्या पद्धतीने साधारण ४२ आणि २३. वाटी एक, उत्तरं तीन, आणि तिन्ही बरोबर. आता एका पेपरातला आकडा दुसऱ्या पद्धतीच्या उपकरणात घातला तर काय होईल? १९९९ मध्ये नासाचं मंगळावरचं यान असंच गेलं होतं, एका टीमची एककं पौंडात आणि दुसरीची न्यूटनमध्ये. इंटरफेसवर एकक लिहिलेलं नसणं हा फार जुना रोग आहे.

ह्याला जोडून आणखी एक. वाटीला वळण असतं तसं स्टेमलाही स्वतःचं वळण असतं, आणि सिमेंटशिवायचा स्टेम हाडाच्या आकारानुसार बसतो, त्याला फारसं वळवता येत नाही. म्हणजे जुळणाऱ्या दोन भागांपैकी एकाचाच कोन तपासून काय उपयोग? डॉ. चित्तरंजन राणावत ह्यांनी दोन्ही वळणांची बेरीज बघायची सोपी युक्ती रूढ केली. तात्पुरते भाग बसवले की पाय आत वळवत जायचा, गोळ्याचा तळ आणि वाटीचं तोंड समांतर झालं की थांबायचं, पाय जितका वळला तितकी बेरीज. ना सीटी स्कॅन, ना रोबोट. (राणावत म्हणजे तेच, ज्यांनी २००० आणि २००१ मध्ये मुंबईत ब्रीच कँडीला वाजपेयींचे गुडघे बदलले.)

दुसरी गोष्ट जास्त मोठी आहे. मेयो क्लिनिकच्या मंडळींनी २००३ ते २०१२ मधल्या ९७८४ शस्त्रक्रिया तपासल्या आणि २०१६ मध्ये छापल्या. निखळलेले सांधे २०६, म्हणजे सुमारे दोन टक्के. त्या २०६ पैकी १२० वाट्या, म्हणजे ५८ टक्के, लेविनेकच्या सुरक्षित क्षेत्राच्या आतच होत्या! सगळ्या टेस्ट पास, आणि तरी क्रॅश.

का? तर तो एक्सरे झोपवून काढलेला असतो, आणि माणूस आयुष्यभर झोपून राहत नाही. उभे असताना पेल्व्हिस एका कोनात असतं. खुर्चीत बसताना कंबर गोलाकार होते आणि पेल्व्हिस साधारण वीस अंश मागे झुकतं. पेल्व्हिस एक अंश मागे झुकलं की वाटीचं तोंड पाऊण अंशाच्या आसपास पुढे उघडतं. म्हणजे बसल्यावर मांडी वर येते तेव्हा वाटी आपणहून पंधराएक अंश जास्त उघडून मानेला जागा करून देते. निसर्गाची सोय! पण ज्याची कंबर ताठ आहे त्याचं पेल्व्हिस झुकतच नाही. मग बसण्याचं सगळं काम एकट्या खुब्याला करावं लागतं आणि मान पुढच्या काठावर जाऊन आपटते. ४० आणि १५ हे आकडे मोजले ते एका स्थिर चित्रावर, आणि सांधा चालतो हलत्या माणसात.

इथे मावशीचं प्रकरण येतं. तिच्या कमरेचं २०१७ मध्ये ऑपरेशन झालंय, मणके स्क्रूने जोडलेले आहेत. ज्या रुग्णालयात रोबोटची गोष्ट निघाली तिथे आम्हाला व्हिडिओ दाखवला, चकचकीत माहितीपत्रक दिलं, पॅकेजचे तीन दर सांगितले. कमरेच्या ऑपरेशनची नोंद फॉर्मवर झाली, पण त्याचा खुब्याशी काय संबंध ह्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, "सर, रोबोट एक अंशसुद्धा चुकत नाही."

मग मिरजेत एका सर्जनना दाखवलं. ते म्हणाले, "काकू, त्या स्टुलावर बसा बरं. आता चपलेचा पट्टा लावायचाय असं समजून वाका." मावशी वाकली, म्हणजे खुब्यातून वाकली, पाठ फळीसारखी सरळ. त्यांनी बाजूने दोन एक्सरे काढायला लावले, एक उभं राहून, एक बसून. दोन्ही शेजारी लावून ते हसले. "काकू, तुम्ही खाली बसता, पण तुमची कंबर उभीच राहते." दोन फोटोंमध्ये पेल्व्हिस जेमतेम चार-पाच अंश हललं होतं. पुढचा प्रश्न, "मांडी घालून बसता का? संडास कसला आहे?" मावशीने सांगितलं, हरतालिकेपासून चतुर्थीपर्यंत सगळं जमिनीवरच, संडास मात्र कमोडचा करून घेतलाय. मी रोबोटचं विचारलं. ते म्हणाले, "चांगला असतो. पण मी सांगेन तोच कोन तो लावणार. काकूंना कुठला कोन लागतो ते आधी ठरवू की."

आमच्या भाषेत सांगायचं तर एक आहे दिलेल्या स्पेसिफिकेशनप्रमाणे काम झालं का हे तपासणं, आणि दुसरं म्हणजे मुळात ते स्पेसिफिकेशन ह्या गिऱ्हाइकाच्या कामाचं आहे का हे तपासणं. पहिल्यासाठी मशीन विकत मिळतं. दुसऱ्यासाठी कुणीतरी स्टूल पुढे करून "बसा बरं" म्हणावं लागतं.

ठरलं ते असं. वाटीला पुढचं वळण नेहमीपेक्षा थोडं जास्त, आणि साध्या वाटीऐवजी ड्युअल मोबिलिटी. हीही एक सुंदर कल्पना आहे. फ्रान्समध्ये जिल बुस्के नावाचे सर्जन आणि आंद्रे रांबेर नावाचे इंजिनियर ह्या दोघांनी १९७० च्या दशकाच्या मध्यात काढलेली. लहान गोळा एका मोठ्या प्लॅस्टिकच्या गोळ्यात, आणि तो मोठा गोळा धातूच्या वाटीत मोकळा फिरणारा. मान काठाला टेकली की मोठा गोळा थोडा फिरतो आणि वेळ मारून नेतो. कोन काटेकोर ठेवायचा प्रयत्न करायचाच, पण चुकला तरी निभावेल अशी रचना. मावशीचं ऑपरेशन मागून झालं, हाताने, शिलाई नीट. मांडी आणि उकिडवं बसणं कायमचं बंद. तिसऱ्या महिन्यात ती एसटीची पायरी चढली, हे तिने फोन करून कळवलं. एका माणसाच्या अनुभवावरून निष्कर्ष काढू नये हे मला ठाऊक आहे. रोबोटने केलं असतं तरी कदाचित छानच झालं असतं. महत्त्वाचे होते ते दोन एक्सरे.

ह्याच्या बरोब्बर उलटं उदाहरणही आहे, आणि ते आपल्या देशात फार महागात पडलं. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू कंपनीचा एएसआर हा सांधा. धातूच्या वाटीत धातूचा मोठा गोळा. ह्याची वाटी अर्धगोलापेक्षा उथळ होती, म्हणजे गोळ्यावरचं आच्छादन मुळातच कमी. वाटी थोडी उभी बसली की भार थेट कडेवर, धातू घासायचा, कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात आणि आजूबाजूच्या मांसात. दुसऱ्या वाटीने पोटात घातली असती अशी पाच-सहा अंशांची चूक ही वाटी माफ करत नव्हती. आणि वर पाहिलंच, चांगल्या रुग्णालयातही निम्म्या वाट्या ठरलेल्या क्षेत्राबाहेर जातात. अशा वेळी 'सर्जनने नीट बसवली नाही' म्हणणं म्हणजे युजरने बटण चुकीचं दाबलं म्हणण्यासारखं. दर दोनांतला एक युजर जे करतो ते गृहीत धरूनच डिझाइन करायला नको का?

हे उघडकीला आलं ते नोंदींमुळे. ऑस्ट्रेलियात देशभरच्या सांध्यांची नोंदवही आहे. तिच्यात ह्या सांध्याची आकडेवारी खटकली आणि २००९ च्या डिसेंबरमध्ये तो तिथल्या बाजारातून गेला. ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला, तोवर सुमारे ९३,००० लोकांना बसवून झाला होता. इंग्लंडच्या नोंदवहीप्रमाणे पाच वर्षांत बारा-तेरा टक्के सांधे पुन्हा काढावे लागत होते. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्राच्या तज्ज्ञ समितीचा अहवाल आला २०१८ मध्ये, भरपाईचं सूत्र त्याच वर्षी नोव्हेंबरात, ३० लाख ते १.२३ कोटी. पण द्यायची कुणाला? बऱ्याच पेशंटांचा पत्ताच लागत नव्हता. आपल्याकडे ऑस्ट्रेलियासारखी प्रत्येक सांधा पकडणारी नोंदवही नव्हती. ज्या सिस्टिमला लॉग नाही, तिच्यातला बग कुणाच्या अंगात आहे हे कसं शोधणार?

तर मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आई-बाबा, काका-मावशा आता ह्या वयात येताहेत, आणि फोन आपल्यालाच येणार आहे. 'रोबोट घ्यायचा का' ह्याच्या आधी विचारायचे प्रश्न माझ्या मते हे. तुम्ही अशा शस्त्रक्रिया वर्षाला किती करता? कंबर किती हलते हे बसून आणि उभं राहून तपासलंत का? मणक्याचं जुनं ऑपरेशन असेल तर त्यामुळे तुम्ही काय वेगळं करणार आहात? जमिनीवर बसायची सवय आहे, त्याचं काय? पायाची लांबी कशी तपासणार? हे विचारल्यावर जो डॉक्टर वैतागतो त्याच्याबद्दल काय ते तुम्ही ठरवा. मला तर असे प्रश्न आवडणारे डॉक्टर भेटले.

आणि शेवटचं एक, अगदी फुकटातलं. वाटी, गोळा, स्टेम, प्रत्येकाच्या खोक्यावर मॉडेल आणि लॉट नंबर छापलेलं स्टिकर असतं आणि ते पेशंटच्या कागदपत्रांत चिकटवतात. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या गडबडीत ते पान मागून घ्या, फोटो काढा, घरातल्या दोघा-तिघांच्या फोनवर ठेवा. दहा वर्षांनी एखादा सांधा परत बोलावला गेला, तर तो आपल्या माणसाच्या अंगात आहे की नाही हे सांगणारा कागद तेवढाच असेल.